विटांचं घर, उधारीचं गाव

कॅनडातल्या वारसावास्तूंच्या सरकारी नोंदी हा वाचनाचा एक चमत्कारिक प्रकार आहे. प्रत्येक नोंदीचे तीन भाग ठरलेले. आधी वास्तूचं वर्णन, मग तिचं ‘वारसामूल्य’, आणि शेवटी जपायच्या वैशिष्ट्यांची यादी. २००३ साली त्या देशात संवर्धनाची जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली त्यांत वारसामूल्याची व्याख्या चांगली मोकळीढाकळी आहे. सौंदर्य, इतिहास, विज्ञान, संस्कृती, समाज, अध्यात्म यांतल्या कोणत्याही अंगानं मागच्या, आजच्या किंवा पुढच्या पिढ्यांना जे महत्त्वाचं वाटतं, ते सगळं तिच्यात बसतं. व्याख्या वाचून वाटतं, आता घरांमधून माणसं बोलू लागतील. नोंदी वाचायला घेतल्या की मात्र खिडक्या बोलतात. खिडक्यांची मापं, दारांची मांडणी, छपराचा उतार, भिंतींवरच्या अरुंद फळ्या, आणि बहुतेक यादीत हमखास असणारी एक ओळ: घराची मूळ जागा आणि दिशा.

न्यूफाउंडलंड हे कॅनडाच्या पूर्व टोकाचं मोठं बेट. तिथल्या नोंदींत एक उपप्रकार वारंवार भेटतो, तो म्हणजे मासेमारीच्या गावातलं व्यापाऱ्याचं घर. त्याचा साचा थोडक्यात असा सांगता येतो. घर अमुक शैलीचा उत्तम नमुना आहे. ते गावातल्या प्रमुख व्यापाऱ्यानं बांधलं. त्याची भव्यता त्याच्या मालकाचं समाजातलं स्थान दाखवते. ही तिन्ही विधानं बहुधा खरी असतात. माझी तक्रार खरेखोटेपणाबद्दल नाहीच. ‘समाजातलं स्थान’ या दोन शब्दांनंतर पूर्णविराम येतो, तिथे मी अडतो. स्थान कुणाच्या वर? ते कशावर उभं होतं? घर बांधायला लागलेला पैसा गावात कुठून आला आणि तो गावातल्या इतरांकडे का नव्हता? व्यापारी म्हणजे व्यवहारातली एक बाजू. दुसरी बाजू सोडून त्याच्या घराचं मूल्य सांगणं म्हणजे खातेवहीतलं फक्त जमेचं पान फाडून भिंतीवर लावणं.

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच घर घेऊन पाहू.

ट्रिनिटीचं घर

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बोनाव्हिस्टा द्वीपकल्पावर ट्रिनिटी नावाचं छोटं गाव आहे. आज तिथे बारमाही राहणारी माणसं दोनशेही नाहीत, पण बंदर नैसर्गिकरीत्या इतकं सुरक्षित की युरोपीय मच्छीमारांची ये-जा तिथे फार जुनी. १६१५ मध्ये रिचर्ड व्हिटबर्न यानं मासेमारीतले तंटे सोडवायला इंग्लंडच्या वतीनं न्यायासन मांडलं ते इथेच.

१८व्या शतकात या बंदरावर इंग्लंडमधल्या पूल या बंदरगावच्या व्यापाऱ्यांचा जम बसला. त्यांच्यातला मोठा म्हणजे बेंजामिन लेस्टर. १७६०च्या दशकात त्यानं ट्रिनिटीत विटांचं घर बांधलं. ‘विटांचं’ या शब्दावर थांबायला हवं, कारण आजूबाजूला सगळं लाकडाचं होतं. घरं, धक्के, कोठारं, मासळी वाळवण्याचे मांडव, सगळं जंगलातून तोडून आणलेल्या लाकडाचं. विटा मात्र समुद्र ओलांडून इंग्लंडहून आलेल्या. लेस्टरच्या मुलीचं लग्न गार्लंड घराण्यात झालं, धंदा जावयाकडे आणि नातवंडांकडे गेला, आणि १८२०च्या सुमारास नातू जॉन बिंगली गार्लंड यानं घराची नव्यानं उभारणी केली. म्हणून त्याचं नाव लेस्टर-गार्लंड हाउस. हाच गार्लंड १८३३ मध्ये न्यूफाउंडलंडच्या पहिल्या विधानसभेचा पहिला सभापती झाला. आजोबा बेंजामिन पूलचा महापौर होता आणि १७९० पासून काही वर्षं ब्रिटिश संसदेत खासदारही. म्हणजे घर, दुकान, पेढी, न्याय आणि कायदा यांच्यातली अंतरं फार नव्हती. कर्जदार ज्याच्याकडे दाद मागणार तो बहुतेक वेळा धनकोच्या पंक्तीत जेवणारा असायचा.

लेस्टर घराण्याचं दुसरं घर पूलमध्ये आहे. तेही व्यापाऱ्याला शोभेलसं भारदस्त. त्याच्या संगमरवरी फायरप्लेसवर एक गोष्ट कोरलेली आहे: खारवून वाळवलेल्या कॉड माशाचे दोन तुकडे. श्रीमंत घरात द्राक्षांचे घोस, फुलांच्या माळा किंवा ग्रीक देवता कोरतात. लेस्टरांनी सुकी मासळी कोरून घेतली. मला ही त्या घराण्याची सगळ्यात प्रामाणिक कृती वाटते. आपला पैसा कुठून आला हे त्यांनी लपवलं नाही. दोनशे-अडीचशे वर्षांनंतरच्या वारसानोंदी जे सांगायला कचरतात, ते मालकानं स्वतःच्या भिंतीवर दगडात लिहून ठेवलं होतं.

खाते

त्या सुक्या माशाचा प्रवास पाहिला की घराचं मूल्य वेगळं दिसू लागतं.

वसंतात बर्फ हटलं की मच्छीमार व्यापाऱ्याच्या कोठारावर जायचा. मीठ, जाळी, दोर, पीठ, काकवी, चहा, कापड असं सगळं उधारीवर घ्यायचा. आपल्याकडे ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात ती ‘उचल’ आठवावी. फरक इतकाच की इथे उचल बहुतांशी मालातच मिळायची. उन्हाळाभर मासेमारी. मासा चिरून, खारवून, लाकडी खांबांवर फांद्या पसरून केलेल्या मांडवांवर वाळवायचा. हे किनाऱ्यावरचं काम बहुतांशी बायका आणि मुलं करायची. ढग आले की सगळा मासा गोळा करून झाकायचा, ऊन पडलं की पुन्हा पसरायचा. शरद ऋतूत सुका मासा व्यापाऱ्याच्या धक्क्यावर जायचा. तिथे प्रतवारी करणारा माणूस बसलेला असायचा. तो एकेक मासा हातात घेऊन ठरवायचा, हा पहिल्या प्रतीचा, हा दुय्यम, हा सगळ्यात खालचा. मग हिशेब. मीठपिठाचा भावही व्यापाऱ्याचा आणि माशाचा भावही व्यापाऱ्याचाच. शिल्लक उरलीच तर पुन्हा माल. नाही उरली तर कर्ज पुढच्या वर्षावर. अनेक कुटुंबांच्या आयुष्यात रोख पैसा क्वचितच दिसला.

प्रतवारीच्या शब्दांत अख्खा अटलांटिक महासागर होता. चांगला मासा स्पेन, पोर्तुगाल, इटलीकडे जायचा, तिथल्या कॅथलिक उपवासांसाठी. सगळ्यात हलक्या प्रतीचं नावच ‘वेस्ट इंडिया’. हा मासा कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत गुलामांना खायला घातला जायचा. तिकडून काकवी आणि रम परत यायची आणि तीच काकवी ट्रिनिटीच्या मच्छीमाराच्या खात्यावर चढायची. एका गावातल्या विटांच्या घराचा ‘ऐतिहासिक संदर्भ’ लिहायचा तर तो डॉर्सेट, लिस्बन आणि जमैका यांना एका दोरीत बांधून लिहावा लागतो. तसा तो क्वचितच लिहिला जातो.

इथे एक सोपा मोह टाळायला हवा. व्यापारी खलनायक आणि मच्छीमार बिचारा, एवढ्यावर ही गोष्ट संपवता येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ जेराल्ड सायडर यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात या उधारव्यवस्थेनं गावांची संस्कृती, नाती आणि राजकीय दुबळेपणा कसा घडवला याची मांडणी केली. त्यानंतर १९९५ मध्ये इतिहासकार शॉन कॅडिगन यांनी वेगळी बाजू पुढे आणली. त्यांच्या मते उधारी ही केवळ व्यापाऱ्यांची चाल नव्हती. खडकाळ जमीन, छोटा हंगाम, शेतीला जवळपास नसलेला वाव आणि मजुरीचे कायदे या सगळ्यांनी मिळून दोन्ही बाजूंना त्या चौकटीत ढकललं. मासा कमी आला तरी हिवाळ्याचं पीठ कुणीतरी द्यावं लागत होतं. व्यापारीही बुडायचे. डिसेंबर १८९४ मध्ये न्यूफाउंडलंडच्या दोन बँका कोसळल्या तेव्हा कित्येक मोठ्या पेढ्या त्यांच्याबरोबर गेल्या.

पण ही गुंतागुंत मान्य केली तर ती वारसामूल्याच्या मजकुरात आणखीच यायला हवी. शोषण म्हणा की परस्परावलंबन, दोन्हींत दोन पक्ष लागतात. नोंदीत एकच उरतो.

दुसरं घर कुठे गेलं?

तो एकच का उरतो याचं उत्तर व्यापाऱ्यांच्या कौतुकात शोधायची गरज नाही. ते सामग्रीत आहे. वारसायादी टिकलेल्या गोष्टींची होते, आणि टिकतं ते, जे टिकण्यासाठी बांधायला कुणाकडे तरी पैसा होता. मच्छीमाराचा मांडव दर काही वर्षांनी नव्यानं बांधावा लागे. पाण्यावर खांब रोवून उभारलेली मासे उतरवण्याची जागा एखाद्या वादळात वाहून जाई. या वस्तू जुन्या होतच नसत. त्या पुन्हा पुन्हा नव्या होत. त्यांचं वय मोजायचं तर लाकडाचं मोजून उपयोग नाही. ते बांधणाऱ्या हातांच्या सवयीचं मोजायला हवं.

घरांचं तर आणखी वेगळं. १९५४ ते १९७५ या काळात सरकारी योजनांखाली न्यूफाउंडलंडमधली सुमारे तीनशे छोटी गावं रिकामी करण्यात आली आणि जवळजवळ तीस हजार माणसं हलवली गेली. शाळा, दवाखाना, वीज विखुरलेल्या वस्त्यांना पुरवता येत नाही, असं कारण होतं. त्या काळातली छायाचित्रं जगभर पोचली आहेत: पिंपांच्या आधारानं पाण्यावर तरंगणारं दुमजली लाकडी घर, आणि पुढे दोर लावून ते ओढणाऱ्या होड्या. घर जमिनीवरून सोडवायचं, गावकऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढत आणायचं, भरतीला पाण्यात ढकलायचं आणि खाडीपलीकडे नव्या गावी नेऊन पुन्हा उभं करायचं. ही कला सरकारी योजनेच्या आधीपासूनची. हलकी चौकट, उथळ पाया, मोजकं सामान यांमुळे ते जमायचं.

आता नोंदीतली ती ओळ पुन्हा आठवून पाहा: ‘घराची मूळ जागा आणि दिशा’. व्यापाऱ्याच्या घराला हा निकष बरोबर लागू पडतो. विटांचं घर कुठे तरंगत जाणार? पण मच्छीमाराच्या घराचं मोठं वैशिष्ट्य हेच, की ते जागा सोडू शकत होतं. त्याचा वारसा त्याच्या हलण्यात आहे. मूळ जागेवर नाही म्हणून त्याचं मूल्य कमी धरणं म्हणजे होडीला किनाऱ्यावर बांधलेली नाही म्हणून नापास करणं. निकष तटस्थ दिसतात, पण धनकोच्या घराचं माप घेऊन शिवलेला सदरा ऋणकोच्या घराला घातल्यासारखे ते बसतात.

पुन्हा बांधलेला वारसा

लेस्टर-गार्लंड घराची पुढची कथा या सगळ्याला कलाटणी देते. आज ट्रिनिटीत दिसणारं विटांचं घर हे लेस्टरचं घर नाहीच. मूळ घराची विसाव्या शतकात पडझड झाली आणि १९६०च्या दशकात त्याचा बराचसा भाग पाडला गेला. आजचं घर १९९०च्या दशकात जुन्या घराबरहुकूम नव्यानं बांधलेलं आहे. ते १९९७ मध्ये खुलं झालं. जॉन कॅबटच्या सफरीला पाचशे वर्षं झाल्याचा उत्सव त्या वर्षी बेटभर चालू होता. जवळच्याच बोनाव्हिस्टा गावात रायन या दुसऱ्या व्यापारी घराण्याच्या इमारती राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून त्याच वर्षी उघडल्या, तेव्हा इंग्लंडची राणी आली होती.

या तारखेच्या पाच वर्षं आधी काय झालं होतं? २ जुलै १९९२ ला कॅनडा सरकारनं उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली. मोठ्या ट्रॉलरांच्या उपशानं मासा संपत आला होता. सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. देशाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी नोकरकपात मानली जाते. ती घोषणा करणारे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी स्वतः सेंट जॉन्सच्या एका जुन्या व्यापारी घराण्यातले. इतिहास कधी कधी पात्रं निवडताना फारच ठळक होतो.

म्हणजे ज्या दशकात मासा गेला, त्याच दशकात माशावर उभं राहिलेलं घर परत आलं. यावर कुत्सितपणे हसणं सोपं आहे. मला ते रास्त वाटत नाही. गावात दुसरं काय उरलं होतं? पर्यटन हा उरलेल्या मोजक्या रोजगारांपैकी एक होता. १९९३ पासून ट्रिनिटीत रायझिंग टाइड थिएटर ही नाटकमंडळी उन्हाळ्यात गावाच्या रस्त्यांवरून फिरत गावाचा इतिहास सादर करते. त्या खेळात मच्छीमार, व्यापारी, प्रतवारी, भूक, सगळं येतं. नाटकाला जे जमलं ते वारसानोंदीला का जमू नये, हा माझा प्रश्न आहे. नाटकाला दोन पात्रं लागतात हे नाटकवाल्यांना मुळातच ठाऊक असतं.

पुनर्बांधणीबद्दल शुद्धतावाद्यांचा आक्षेप ठरलेला असतो: नवं घर म्हणजे नक्कल, त्याला कसलं वारसामूल्य? मला वाटतं, या घराच्या बाबतीत हा आक्षेप उलटा करून वापरता येतो. वीट नवी असूनही जर घराला मूल्य आहे, तर मूल्य विटेच्या वयात नाही हे आपण मान्य केलंच. मग वाळवणीचे मांडव, मासे उतरवायच्या जागा, तरंगत गेलेली घरं यांना ‘मूळ सामग्री शिल्लक नाही’ या कारणावरून बाहेर ठेवता येणार नाही. तेही आराखडा, आठवण आणि कौशल्य यांवरून पुन्हा बांधता येतात. व्यापाऱ्याच्या घरासाठी एकदा शिथिल केलेला नियम मच्छीमाराच्या मांडवासाठीही शिथिल व्हायला हवा.

गावातच याचा एक छोटा धडा आहे. हिस्कॉक हाउस नावाचं साधं लाकडी घर १९१०च्या सुमाराच्या रूपात जपलं आहे. नवरा समुद्रात बुडाल्यावर मुलांना वाढवणाऱ्या एमा हिस्कॉकचं हे घर. त्यात भव्य काही नाही. पण विटांच्या घरातून निघून तिथे गेलं की पहिल्या घराचा अर्थ बदलतो. समुद्राचा धोका कुणाच्या अंगावर होता आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात, हे दोन घरांमधल्या अंतरात कळतं. वारसामूल्य एका घरात शोधण्याऐवजी दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर शोधावं, असं मला म्हणायचं आहे.

त्याच द्वीपकल्पावरचं पोर्ट युनियन आणखी पुढे जातं. विल्यम कोकरनं १९०८ मध्ये मच्छीमारांची संघटना काढली. व्यापाऱ्याला वगळून स्वतःची दुकानं, स्वतःची निर्यात, आणि १९१६ च्या सुमारास कामाला लागून एक अख्खं गाव तिनं उभारलं. तिथे कामगारांची जोडघरं आजही रांगेत आहेत. गंमत अशी की पर्यटक आधी पाहतो तो कोकरचा ऐसपैस बंगला. पुढाऱ्याच्या घराकडेही वारसा त्याच ओढीनं जातो. पण निदान तिथे जोडघरांची रांग त्याच वारसाक्षेत्राचा भाग आहे. ती वगळून कोकरची गोष्ट सांगताच येत नाही.

आपल्या किनाऱ्यावरून

हे सगळं मराठी वाचकाला दूरचं वाटण्याचं कारण नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तिच्या श्रेणींत किल्ले, गिरण्यांचे मालक राहिले ते बंगले, चर्च, सार्वजनिक इमारती सहज बसतात. कोळीवाडे मात्र वर्षानुवर्षं सीमांकनाच्या वादात आणि ‘झोपडपट्टी’ या शिक्क्याविरुद्धच्या भांडणात अडकलेले. वेसाव्याला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. त्या मोकळ्या जागेवर एकही भिंत नाही, म्हणून नकाशावर ती ‘रिकामी’ दिसते. रिकाम्या जागेवर रस्ता येतो, वाहनतळ येतो. ट्रिनिटीच्या मांडवांचं जे झालं त्याची कार्यपद्धती आपल्याला चांगली परिचयाची आहे. जे उभं राहत नाही, वाळत पडतं, त्याला आपली यादी जागा देत नाही.

मग व्यापाऱ्याच्या घराची नोंद कशी लिहावी? माझ्या मते चार वाक्यं वाढवून पुरेसं होईल. हे घर कोणत्या मालावर बांधलं गेलं. तो माल कुणी, कुठे, कोणत्या अटींवर तयार केला. तो कुठे विकला गेला आणि कुणी खाल्ला. आणि ज्यांनी तो तयार केला त्यांची घरं, मांडव, धक्के आज कुठे आहेत. नसतील तर का नाहीत. चौथं वाक्य सर्वांत अवघड, कारण त्याचं उत्तर बऱ्याचदा ‘शिल्लक नाही’ एवढंच असेल. तेही लिहावं. नसण्याची नोंद हीसुद्धा नोंदच.

असं लिहिल्यानं व्यापाऱ्याचं घर लहान होत नाही. उलट ते पहिल्यांदाच पुरेसं मोठं होतं. छपराच्या उतारापेक्षा एका महासागराची उलाढाल सांगणारं घर कधीही जास्त जपण्याजोगं. बेंजामिन लेस्टरची रोजनिशी डॉर्सेटच्या अभिलेखागारात सुरक्षित आहे. हवा, जहाजं, मासा, माणसं यांच्या रोजच्या बारीक नोंदी. धंद्यात मुरलेल्या माणसाला माहीत होतं की घराची किंमत भिंतींवरून कळत नाही, येण्याजाण्यावरून कळते.

२०२४ च्या जूनमध्ये, ३२ वर्षांनी, कॅनडा सरकारनं कॉडवरची ती बंदी उठवली आणि मर्यादित मासेमारीला परवानगी दिली. परवाना कुणाला किती, छोट्या होडीला की मोठ्या ट्रॉलरला, यावरून लगेच वाद सुरू झाला. मासा कुणाचा आणि त्याचा भाव कोण ठरवणार, हा जुनाच वाद. त्या वादात उतरणाऱ्या तरुण मच्छीमाराला आपल्या गावातल्या विटांच्या घराबाहेरच्या फलकावर काय वाचायला मिळतं, याला म्हणून महत्त्व आहे.